मग तो कोणी का असेना

अमेरिकेतल्या आमच्या कोलिन गावात मिलो कुबिचेकच्या दोन गोष्टींना कोणी नावं ठेवत नाही. एक त्याचे तळलेले मासे, दुसरी त्याची मतं. मासे खरोखरच चांगले असतात म्हणून. आणि मतं एकदा सुरू झाली की मासे गार होईपर्यंत संपत नाहीत म्हणून.

वय चौऱ्याहत्तर. जन्मभर डुकरं पाळली, आता जमीन पुतण्या बघतो आणि पुतण्याला मिलो बघतो. पण त्याचं खरं राज्य सेंट प्रोकोप चर्चच्या तळघरात. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात दर शुक्रवारी आम्ही कॅथलिक मांस खात नाही, म्हणून त्या दिवशी गावात जेवढं खाल्लं जातं तेवढं नाताळलासुद्धा खाल्लं जात नाही. तीन कढया, दोन मण मासे आणि मधोमध एप्रन बांधलेला मिलो. पिठात बिअर घालतात. किती, ते मिलोलाच माहीत. त्यातली मिलोच्या पोटात किती जाते, ते सगळ्यांना माहीत.

घरासमोर त्याने कोठाराच्या दाराएवढी पाटी लावली आहे : 'आधी कायदा. मग बाकी सगळं.' रस्त्याच्या पलीकडे त्याची मोठी बहीण बर्नी राहते, निवृत्त शिक्षिका. तिच्या अंगणातली पाटी म्हणते 'इथे सर्वांचं स्वागत आहे', आणि तेही पाच भाषांत. त्यातल्या चार तिला येत नाहीत. त्याच खांबावर खाली जुनी पाटी आहे, 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' ती काढायची राहून गेली, असं बर्नी गेली नऊ वर्षं म्हणते आहे.

अमेरिकेचं राजकारण कोणाला समजून घ्यायचं असेल तर त्याने टीव्ही बंद करावा आणि या दोन अंगणांच्या मधे खुर्ची टाकून बसावं. पण खरी गंमत अंगणात नव्हती, चर्चमध्ये होती.

चर्चमध्ये होते फादर केन. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात नायजेरियाहून आले, पायात पातळ बूट, हातात एक बॅग. आमच्या गावाने गेल्या चाळीस वर्षांत चर्चला एकही मुलगा दिलेला नाही. फुटबॉलला दिले, सैन्याला दिले, डेन्व्हरच्या नोकऱ्यांना तर ढिगाने दिले. मग बिशपने समुद्रापलीकडून माणूस आणला. नाव केनेचुक्वू, म्हणजे 'देवाचे आभार माना'. गावाने दोन रविवार प्रयत्न केला आणि तिसऱ्या रविवारी त्यांचं फादर केन करून टाकलं. त्यांनी देवाचे आभार मानले असावेत.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांना कुडकुडताना पाहून मिलोने आपला शेतावरचा कापूस भरलेला जाड पोशाख आणून दिला. फादर सव्वासहा फूट, मिलो साडेपाच. तो पोशाख त्यांच्या पोटऱ्यांपर्यंतच यायचा. पाच हिवाळे फादर तसेच, नडग्या उघड्या टाकून, चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसत राहिले.

प्रवचन मात्र पूर्ण लांबीचं. गर्भपात पाप, घटस्फोट पाप, रविवारी सामना बघायला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बुडवणं महापाप. मिलो पहिल्या बाकावर मान डोलवायचा. बर्नी प्रवचन सुरू झालं की उठायची, गाडीत जाऊन रेडिओ ऐकायची आणि प्रसादाच्या वेळेला बरोबर परत यायची.

"माझं देवाशी भांडण नाही," ती म्हणायची, "मधल्या माणसाशी आहे."

म्हणजे बघा, जिला सगळं जग गावात यायला हवं होतं, तिला त्या जगातून आलेला हा एक माणूस सोसवत नव्हता. आणि ज्याला देशाच्या दाराला कडी घालायची होती, त्याचं पान या माणसाशिवाय हलत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मिलोची बायको डोलोरिस कॅन्सरने गेली. शेवटचे सहा आठवडे फादर रोज संध्याकाळी यायचे, तिच्याशी पत्ते खेळायचे आणि रोज हरायचे. मुद्दाम हरतात अशी मिलोला शंका होती. डोलोरिसला खात्री होती, पण जिंकणं कोणाला नको असतं? चर्चमागच्या दफनभूमीत तिच्या दगडावर मिलोने आपलंही नाव कोरून घेतलं, एकदम दोन नावं स्वस्तात पडतात म्हणून. जन्मवर्ष, आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा.

त्या जागेकडे बोट दाखवून तो फादरना म्हणाला होता, "हे भरायचं काम तुमचं. मला दुसऱ्या कोणी पुरलेलं चालणार नाही."

"पापा मिलो," फादर म्हणाले, "तुम्ही असंच तळलेलं खात राहिलात, तर पुढच्या आठवड्यात वेळ काढून ठेवतो."

हेच हृदयाचे डॉक्टर रामस्वामीसुद्धा सांगत होते. दर दुसऱ्या गुरुवारी ते आमच्या दवाखान्यात येतात. मिलो त्यांना मान देतो, ऐकत मात्र नाही.

आता जानेवारीतल्या सभेचं. दर निवडणुकीच्या वर्षी जानेवारीत आमच्याकडे पक्षाची माणसं शाळेच्या व्यायामशाळेत जमतात, उमेदवाराला मतं देतात, आणि मग ज्यांना घरी जाऊन बायकोचं तोंड बघायचं नसतं ते ठराव मांडतात. मिलोला तर आता घरी कोणीच नव्हतं. त्याने कागद काढून वाचलं : 'ज्या परदेशी माणसाची मुदत संपली, त्याने आपल्या देशी परत जावं. कोणालाही अपवाद नाही.' टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मिलोला एक वाक्य जास्त सुचतं. त्याने पेन काढून पुढे जोडलं : 'मग तो कोणी का असेना.'

ठराव मंजूर झाला, साप्ताहिकात छापून आला. मिलोने त्याची एक प्रत खासदार ब्रॅड हॉलेनबेक यांना पाठवली. रजिस्टर पोस्टाने. पोहोच मागून.

पाच आठवड्यांनी, रविवारच्या मिस्साच्या शेवटी, फादरनी सूचना वाचल्या. बॉयलर दुरुस्त झाला आहे. कोलाचे हे मनुकांचे गोड पाव विकायचे आहेत, बायकांनी मनुका बाई फिआलांकडे द्याव्यात. आणि माझी या देशातली मुदत नऊ मेला संपते आहे.

चर्चमध्ये कोणीतरी खोकलं. मिलोला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं.

बाहेर पायऱ्यांवर त्याने फादरना गाठलं. "मुदत संपते म्हणजे? तुम्ही तर कायदेशीर आहात!"

"आहे ना. नऊ मेपर्यंत."

"मग वाढवून घ्या."

"धर्माच्या कामासाठी आलेल्याला पाच वर्षं. त्यानंतर वर्षभर देशाबाहेर जावं लागतं. कायम राहायचा अर्ज केलाय, पण त्या रांगेत माझा नंबर येईपर्यंत मला टक्कल पडेल."

"आणि त्या वर्षात इथे कोण?"

फादरनी पोशाखाची चेन वर ओढली. "बिशपकडे जादा माणूस नाही. सेंट प्रोकोप बंद करून वेस्टफालच्या चर्चला जोडायचं म्हणतात."

 वेस्टफाल म्हणजे आठ मैलांवरचं जर्मनांचं गाव. तिथल्या चर्चमध्ये शुक्रवारी मासे भट्टीत भाजतात. वर लिंबू पिळतात आणि त्यालाच जेवण म्हणतात. तिथला म्हातारा पाद्री अंत्यविधी अठरा मिनिटांत उरकतो. म्हणजे मिलो मेला की त्याची पेटी आधी वेस्टफालला जाणार, अठरा मिनिटांत मोकळी होणार, मग डोलोरिसशेजारी येणार, आणि शोकाला जमलेल्या माणसांना वर भाजलेले मासे!

सोमवारी त्याने खासदारांच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, केल्सी. आवाज साखरेचा.

"आमच्या फादरना एक वर्ष वाढवून द्यायला साहेबांनी पत्र लिहावं," मिलो म्हणाला.

"जरूर, काका! कुठलं गाव?"

"कोलिन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "काका, तुमच्याच गावचा ठराव आहे ना? थांबा, आमच्या भिंतीवरच लावलाय. 'ज्या परदेशी माणसाची मुदत संपली...'"

"माहितेय मला."

"'कोणालाही अपवाद नाही.'"

"अगं, माहितेय म्हटलं ना!"

"'मग तो कोणी का असेना.' हे तर साहेबांना फारच आवडलं. भाषणात वापरतात. खाली सही आहे, मिलो... कु... कुबि..."

"ते वाचता येत नसेल तर राहू दे," मिलो म्हणाला. "तुझं नाव काय म्हणालीस? कशी आहे आई?" आणि फोन ठेवून दिला. तिच्या आईला तो ओळखत नव्हता.

बातमी अर्थातच बर्नीकडे संध्याकाळच्या आत पोहोचली. ती रस्ता ओलांडून आली, हातात नारिंगी केक. भावाला टोचायचं असलं की ती केक करते.

"काय रे मिलो, कायदा आधी ना?"

"तू गप्प बस. तुला तर आनंदच झाला असेल. प्रवचन बंद."

बर्नीने केक कापला, एक तुकडा त्याला दिला, एक स्वतःला. "झाला होता," ती म्हणाली. "दहा मिनिटं. मग मला आठवलं, डोलोरिसच्या शेवटच्या रात्री मी घरी झोपायला गेले होते आणि तो पाद्री तिच्यापाशी बसला होता." तिने बोटावरचा पाक चाटला. "पण प्रवचनं भिकारच आहेत त्याची."

पुढच्या शुक्रवारी खासदार मासे खायला आले. उपासकाळात यायलाच लागतं. आमच्याकडे ज्याला निवडून यायचं असतं तो तळघरात येतो, एप्रन घालतो, एक मासा उलटतो, फोटो काढून घेतो. हॉलेनबेक स्वतः बॅप्टिस्ट पंथाचे, उपास वगैरे काही करत नाहीत. पण कॅथलिकांची मतं तळलेलीच मिळतात हे त्यांना पक्कं ठाऊक.

मिलोने झारा त्यांच्या हातात दिला आणि सोडलाच नाही. एक दांडा, दोघांचे हात.

"साहेब, पत्राचं काय?"

"मिलो, मला तुमचे फादर फार आवडतात." खासदार कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. "पण तुमचं गाव म्हणतं अपवाद नाही. उद्या मी पत्र दिलं की पेपरवाले तुमचाच ठराव माझ्या तोंडावर मारतील. शनिवारी पक्षाची जिल्ह्याची बैठक आहे ना? ठराव तिथे पक्का व्हायचाय. तुम्ही लोक त्यात एक शब्द घाला, की माझे हात मोकळे."

"आत्ताही मोकळे करा," मागून बाई फिआला ओरडल्या, "मासा करपतोय!"

शनिवारची बैठक. तीच व्यायामशाळा, एकोणचाळीस माणसं, एक कॉफीचं पिंप. बर्नी दुसऱ्या पक्षाची, तिला मत नाही, पण बघायला बंदी नाही. ती सगळ्यात वरच्या पायरीवर विणकाम घेऊन बसली होती. फाशी बघायला बायका पूर्वी बसायच्या तशी.

मिलो उभा राहिला. आपलेच दात आपल्याच घशात जाताना माणसाचा आवाज जसा येतो तशा आवाजात म्हणाला, "माझ्या ठरावात एक छोटी दुरुस्ती. 'कोणालाही अपवाद नाही'च्या आधी तीन शब्द. 'पाद्री लोक सोडून.'"

 मग व्हर्ना टॉलेफ्सरुड उठल्या. त्या लुथरन पंथाच्या. लुथरन माणूस उठतो तेव्हा आधी माफी मागतो.

"माफ करा हं. पण हे जरा कॅथलिकांच्या बाजूचं होतंय. आमचा पाद्री इथलाच आहे. पण ऑर्गन वाजवणारी मुलगी कोरियाची आहे, तिचे कागद ऑगस्टमध्ये संपतात. तर 'पाद्री आणि ऑर्गनवाले' असं करता येईल का?"

"करा," अध्यक्ष म्हणाले.

"मग माझे दूध काढणारेही घाला," मागून ड्वेन श्मिट्झ म्हणाला. "सातशे गाई आहेत. पहाटे चारला गाईला सांगू का, थांब गं, अपवाद नाही?"

"दूध आणि देव एका ओळीत?"

"माझ्या गाई तुमच्या देवापेक्षा नियमित देतात, व्हर्ना."

आणि मग बांधच फुटला. म्हाताऱ्यांच्या आश्रमात आईला उचलून अंघोळ घालणाऱ्या दोघी. मागच्या गारपिटीनंतर निम्म्या गावाची छपरं घालणारी टोळी. टर्की पक्ष्यांचं मांस भरणाऱ्या कारखान्यातली दुसरी पाळी. मंगळवारी पक्षाची कमिटी जिथे मेक्सिकन टाको खाते तिथला आचारी. ते नाव सुचवलं कमिटीनेच, एकमताने.

"हृदयाचे डॉक्टर?" कोणीतरी विचारलं. "त्यांचेही कागद दर तीन वर्षांनी नवे करावे लागतात म्हणे."

सगळे मिलोकडे बघायला लागले.

"डॉक्टर ठेवा," मिलो म्हणाला. "सल्ला परत पाठवा."

हशा पिकला. तो ओसरल्यावर क्लॅरेन्स बुशेक उभा राहिला. तीस वर्षं हा माणूस बैठकांना येतो, कॉफी पितो, हात वर करतो, घरी जातो. त्याचा आवाज कसा आहे हेसुद्धा निम्म्यांना माहीत नव्हतं.

"आणि मारिसोल," तो म्हणाला.

"कोण मारिसोल?"

"माझी सून."

यावर कोणी हसलं नाही. चिटणीसबाईंनी लिहून घेतलं. वर बर्नीचं विणकाम थांबलं होतं.

शेवटी अध्यक्षांनी मिलोलाच सगळं वाचायला लावलं. तेरा अपवाद. वाचता वाचता त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. संपल्यावर चिटणीसबाईंनी चष्मा वर केला. "मग आता 'कोणालाही अपवाद नाही, मग तो कोणी का असेना' हे शेवटचं खोडायचं ना?"

"का?" चारपाच जण एकदम म्हणाले.

"राहू द्या," ड्वेन म्हणाला. "ऐकायला चांगलं वाटतं."

एकोणचाळीस विरुद्ध शून्य. ठराव मंजूर. वरच्या पायरीवरून बर्नीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी तिला दोनदा गप्प केलं.

खासदार शब्दाला जागले. पत्र लिहिलं, चांगलं लांबलचक, आणि त्याची प्रत मिलोला पाठवली. एप्रिलमध्ये सरकारी उत्तर आलं, अडीच ओळींचं. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. खासदाराच्या पत्राने कायद्याची मुदत वाढत नाही.

मिलोने ते उत्तर तीन वेळा वाचलं. मग दारात जाऊन आपल्या पाटीकडे बघत उभा राहिला. रस्त्यापलीकडून बर्नीने पाहिलं. तिच्या जिभेवर काय आलं असेल ते आम्ही सगळे ओळखतो. पण त्या दिवशी ती मूग गिळून आत गेली. केकही केला नाही.

बिशपचं मन मात्र थोडं वळलं. त्यांनी कळवलं : फादर केन वर्षाने परत येणार असतील, तर तेवढं वर्ष चर्च उघडं ठेवा. महिन्यातून एकदा वेस्टफालचा पाद्री येईल, बाकीचे रविवार गावातल्या दोघांनी प्रार्थना चालवावी. फादरनी दोन नावं देऊन टाकली. मिलो आणि बर्नी.

"हिच्याबरोबर?" मिलो किंचाळला.

"प्रवचन मी वाचणार," बर्नी म्हणाली.

"मग मी गाडीत जाऊन बसेन."

"बस ना. रेडिओ लावून ठेवलाय."

आठ मेला मिलोने फादरना विमानतळावर नेलं. अडीच तासांचा रस्ता. मिलो पहिला तासभर मक्याच्या पेरणीबद्दल बोलला. दुसरा तास शेजाऱ्यांच्या मक्याबद्दल.

दारात बॅग उतरवताना फादर म्हणाले, "तुमचा पोशाख चर्चच्या खुंटीवर ठेवलाय. चिकटपट्टीवर माझं नाव घातलंय. दुसऱ्याला देऊ नका."

"दुसऱ्या कोणाला तो बसणार? तुम्ही पार ताणून टाकलाय." मिलोने नाक पुसलं. "ते दगडाचं लक्षात आहे ना?"

"पापा मिलो, एक वर्ष. तेवढं तुम्ही थांबा."

"मी मरायला मोकळा नाहीये आता. तिकडे तो अठरा मिनिटांचा पाद्री टपून बसलाय."

शुक्रवार आला. उपासकाळ संपलेला, तळघराला कुलूप. दुपारी मिलोची गाडी वेस्टफालच्या चर्चसमोर उभी असल्याचं तिघांनी पाहिलं आणि दहा जणांनी सांगितलं. गावात आधी वाटलं, चर्च जाळायला गेला असेल. नंतर तिकडच्या स्वयंपाकीण बाईंकडून कळलं. तो मागच्या दाराने आला, टोपी काढून उभा राहिला, आणि कोणी ऐकत नाही ना हे दोनदा बघून त्याने विचारलं, "ते मासे भट्टीत किती वेळ ठेवता?"

तेव्हापासून त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी शुक्रवारी बंद असते, वास बाहेर जाऊ नये म्हणून. पण बर्नी समोरच राहते, आणि तिला लिंबाचा वास ओळखता येतो. डॉक्टर रामस्वामींनी गुरुवारी रक्त तपासून विचारलं, "मिस्टर कुबिचेक, अचानक ऐकायला कसे लागलात?"

"तुमचं नाही ऐकत," मिलो म्हणाला. "मुदत पुरी करतोय."